टेप ड्राइव्हला फर्मवेअर मारताना

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी रात्री पुन्हा तेच झालं. बॅकअप साठ-पासष्ट टक्क्यांवर गेला, कॅसेटच्या पट्टीवर डेटा लिहिणाऱ्या टेप ड्राइव्हवरचा सफाईचा पिवळा दिवा लागला आणि काम बंद पडलं. आमच्याकडे सुट्टी शनिवारची, त्यामुळे कळलं ते रविवारी सकाळी. पडद्यावर लाल ओळ, आणि ड्राइव्हच्या तोंडातून अर्धी बाहेर आलेली कॅसेट. जीभ काढून वेडावल्यासारखी.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा मशीनिंगचा कारखाना आहे. सव्वाशे माणसं, तीन शेड आणि एक एसी खोली. त्या एसी खोलीचा धनी मी. कागदोपत्री माझा हुद्दा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर असा आहे, पण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायलाही मलाच हाक पडते.

टेप अजून चालते का, असं नवी पोरं विचारतात. आमच्याकडे तरी चालते. गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे दर्जाचं मानक पाळावं लागतं. त्यात म्हटलंय की पार्ट जितकी वर्षं उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये आहे तितकी वर्षं, आणि वर एक कॅलेंडर वर्ष, त्याची मंजुरीची कागदपत्रं सांभाळायची. हिशेबाच्या वह्या कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षं. शिवाय हल्ली खंडणीवाले व्हायरस नेटवर्कवर दिसेल ती डिस्क कुलूपबंद करतात. कपाटात ठेवलेल्या कॅसेटला नेटवर्कच नाही, तर तिला कोण गाठणार?

पण आमच्या शेठचं कारण वेगळं आहे. त्यांचं जुनं ऑफिस सराफ बाजारात होतं. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला तेव्हा तिथली दप्तरं भिजली. नंतर कितीतरी दिवस ती गच्चीवर पापडासारखी वाळत घातली होती म्हणे. तेव्हापासून ‘एक प्रत दुसऱ्या घरी’ हा त्यांचा नियम. म्हणून दर आठवड्याची कॅसेट गंगापूर रोडवरच्या त्यांच्या बंगल्यातल्या कपाटात जाते आणि चौथ्या आठवड्यानंतर परत येते. महिनाअखेरची कॅसेट मात्र कारखान्यातच, शेड नंबर दोनमधल्या लोखंडी तिजोरीत. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मला मात्र ती फार उशिरा लक्षात आली.

आमचा ड्राइव्ह एलटीओ नावाच्या टेपच्या प्रकारातला, सहाव्या पिढीचा, २०१५ साली घेतलेला. कॉम्प्रेशन न धरता एका कॅसेटमध्ये २.५ टीबी माल मावतो. आत अर्धा इंच रुंदीची, ८४६ मीटर लांबीची पट्टी. पट्टीवर लिहिणारा-वाचणारा हेड एका वेळी १६ ट्रॅक लिहितो, आणि कॅसेट काठोकाठ भरायची तर पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत १३६ वेळा पळवावी लागते. गुणाकार केला तर ११५ किलोमीटर होतात. म्हणजे नाशिकहून निघून कसारा घाट उतरून शहापूरच्याही पुढे. एवढं अंतर एका रात्रीत हेडवरून घासून जाणार, तर हेडवर थोडी घाण बसणारच. म्हणून सफाईची वेगळी कॅसेट असते, ती साधारण ५० वेळा वापरता येते. ड्राइव्ह मागेल तेव्हाच ती लावायची, मनाला आलं म्हणून रोज लावायची नाही, कारण तिची पट्टी जरा खरखरीत असते आणि हेड झिजवते. आमचा ड्राइव्ह वर्षाकाठी दोन-तीनदा सफाई मागायचा. त्या महिन्यात त्याने चारदा मागितली.

विक्रेत्याला फोन लावला. पलीकडचा पोरगा घाईत होता. “सर, फर्मवेअर जुनं असणार. फर्मवेअर मारून घ्या.” फोन बंद. आमच्या धंद्यात हा सल्ला म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सल्ला चुकीचा नसतो, पण देणाऱ्याने घसा पाहिलेला नसतो.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतच बसवलेला, ते चालवणारा प्रोग्रॅम. तरी तपासलं. ड्राइव्ह बनवणाऱ्यांचं एक निदानाचं टूल असतं. ते ड्राइव्हला नाव-गाव विचारतं आणि फर्मवेअरची चार अक्षरी खूण दाखवतं. आमची खूण २०१५ चीच निघाली. मधल्या वर्षांत कितीतरी आवृत्त्या आल्या आणि गेल्या होत्या. सर्व्हरचं फर्मवेअर मी नेमाने बदलतो, स्विचचं बदलतो, ड्राइव्हचं कधी मनातही आलं नाही. दर शुक्रवारी कॅसेट गिळतो आणि सकाळी बाहेर काढतो, मग त्याला कशाला हात लावा, असाच विचार.

शेठकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“यात तो मेला तर?”

“अपडेट चालू असताना लाइट गेली तर दगड होऊ शकतो. मग नवा घ्यावा लागेल.”

“आणि नाही केलं तर?”

“शुक्रवारी परत अडकेल.”

थोडा वेळ ते नुसते पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, “ड्राइव्ह बाजारात मिळेल रे. ड्रॉइंग मिळायचं नाही. आधी जुन्या कॅसेटी वाचून बघ, मग काय ते फर्मवेअर कर.”

मला हे खरं तर आधीच सुचायला हवं होतं. बॅकअप ‘यशस्वी’ असा हिरवा शेरा मी वर्षानुवर्षं बघत होतो, पण कॅसेटवरून मोठं काही परत काढून बघितल्याला दोन वर्षं झाली असतील.

तो सगळा आठवडा त्यात गेला. २०१६ चं एक ड्रॉइंग, मागच्या मार्चचा टॅलीचा डेटा आणि एका बंद पडलेल्या पार्टचा सीएनसी प्रोग्रॅम, असं तीन कॅसेटींवरून काढलं. तिन्ही निघाले. मग कपाटाच्या तळातल्या जुन्या कॅसेटींकडे वळलो. चौथ्या पिढीची एक होती, २०१० ची. सहाव्या पिढीचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचू शकतो, लिहू मात्र एकच पिढी मागे. तेव्हा ती वाचली गेली. तिच्याखाली तिसऱ्या पिढीच्या दोन होत्या, माझ्याच अक्षरातली लेबलं लावलेल्या. त्या आमच्या ड्राइव्हला वाचता येणार नाहीत. ज्याला आल्या असत्या तो जुना ड्राइव्ह मीच भंगारात काढला होता, शंभर रुपये आले म्हणून खूशही झालो होतो. सुदैवाने त्यात २००७ चे हिशेब होते, आठ वर्षं कधीच उलटून गेलेली. शेठना सांगितलं नाही. हे वाचलं तर कळेल.

सगळा चालू डेटा एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला आणि मग फर्मवेअरची फाइल शोधायला बसलो. इथे खरा वैताग होता. आमच्या ड्राइव्हवर सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा स्टिकर आहे, पण आतला ड्राइव्ह दुसऱ्याच कंपनीने बनवलेला. टेपच्या बाजारात हे सर्रास चालतं. मूळ बनवणाऱ्याची फाइल स्टिकरवाल्याच्या ड्राइव्हला चालेलच असं नसतं. ड्राइव्ह फाइलमधली ओळख पाहतो आणि आपली नसेल तर घेत नाही. त्यातही अर्ध्या उंचीच्या ड्राइव्हची फाइल वेगळी, पूर्ण उंचीच्या ड्राइव्हची वेगळी. सॅस जोडणीची वेगळी, फायबर चॅनेलची वेगळी. लायब्ररीत, म्हणजे कॅसेटी आपोआप बदलणाऱ्या यंत्रात, बसवलेल्याची आणखी वेगळी. नावं जुळ्या भावांसारखी, एका अक्षराचा फरक. मी चष्मा बदलून, खिशातल्या चिठ्ठीवर मॉडेल, सिरियल आणि जोडणी लिहून, अक्षर अक्षर पडताळलं.

फाइल सापडली, पण डाउनलोड होईना. सपोर्टचा करार चालू असलेल्यांनाच मिळणार, आमचा करार केव्हाच संपलेला. नऊ वर्षं वापरलेल्या वस्तूतली चूक दुरुस्त करायला वेगळे पैसे मागावेत, हे मला आजही पटत नाही. ओळखीच्या एकाने कुठल्याशा साइटची लिंक पाठवली, तिथे हीच फाइल फुकट होती. दोन मिनिटं हात शिवशिवले. पण ती फाइल कोणी चढवली, आत काय आहे, कोणाला विचारणार? शेवटी विक्रेत्यामार्फत रीतसर मागवली. अकरा दिवस लागले. आल्यावर तिची चेकसम, म्हणजे फाइल मूळचीच आहे हे ताडायचा आकडा, पडताळली आणि सोबतचं बदलांचं पत्रक दोनदा वाचलं. सफाईची मागणी विनाकारण होण्याबद्दल दोन ओळी होत्या, कॅसेटच्या हाताळणीत सुधारणा अशी एक मोघम ओळ होती, आणि ही आवृत्ती चढवल्यावर मागच्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही असा ठळक इशारा. म्हणजे घाट चढायचा, पण उतरायचा रस्ता नाही.

मग यूपीएस. पडद्यावर बॅटरी ‘उत्तम’ दिसत होती. प्लग काढून खरी परीक्षा घेतली तर पाच मिनिटांत टिटवीसारखा ओरडायला लागला. नव्या बॅटऱ्या आल्या, पुन्हा प्लग काढला, अर्धा तास चालला. सर्व्हर आणि ड्राइव्ह सोडून बाकी सगळं त्यावरून काढलं. लेसर प्रिंटरसुद्धा कोणीतरी त्यालाच लावून ठेवला होता. कोणी ते विचारू नका.

वार ठरवायलाही डोकं लागलं. शनिवारी कारखाना बंद, शांतता असते, पण लाइनच्या दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही शनिवारीच. म्हणून रविवार सकाळ, साडेसहा. पहिली पाळी सुरू झालेली, ऑफिस रिकामं.

कॅसेट काढून ठेवली. रिकाम्या ड्राइव्हलाच फर्मवेअर मारायचं असतं. कॅसेटवरूनच फर्मवेअर चढवायचीही एक पद्धत आहे, पण ती आपल्याला नको होती. बॅकअप सॉफ्टवेअरच्या सगळ्या सेवा बंद केल्या. हे विसरलं तर मधेच ते सॉफ्टवेअर ‘काय रे, कॅसेट आहे का’ म्हणून ड्राइव्हला हाक मारतं आणि घोळ होतो. टूल उघडलं, जुनी नोंद फाइलमध्ये जतन केली, नवी फाइल निवडली. टूलने विचारलं, खात्री आहे का. चहा आणून ठेवला होता तो तसाच राहिला.

आत काय होतं ते वाचलेलं होतं. टूल फाइलचे तुकडे करून ड्राइव्हकडे पाठवतं. ड्राइव्ह ते आधी स्वतःच्या मेमरीत गोळा करतो, फाइल धड आहे का आणि आपलीच आहे का ते बघतो, आणि मगच फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, जुन्याच्या जागी नवं लिहायला घेतो. धोका असतो तो या शेवटच्या टप्प्यात. पाठवणं दीड मिनिटात संपलं. पडद्यावरची प्रगतीची पट्टी १०० टक्के झाली आणि थांबली. ड्राइव्हवरचे सगळे दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले. टूलच्या यादीतून ड्राइव्ह गायब झाला.

नेमका तेव्हा शेड नंबर एकमधला मोठा प्रेस सुरू झाला. यूपीएसने एकदा टूं केलं. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा टूं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो. दारात आमचे ऑफिसमधले मामा झाडू घेऊन उभे. “साहेब, आत झाडून घेऊ का?” मी हातानेच थांबा म्हटलं. ते बिचारे झाडू उभा धरून तिथेच थांबले, दोन मिनिटांची श्रद्धांजली असल्यासारखे.

दिवे विझले. एक हिरवा लागला. आतून कॅसेट नसतानाच्या तपासणीचा तो ओळखीचा घर्रर्र आवाज आला. यादी पुन्हा वाचायला लावली तर ड्राइव्ह परत, नवी चार अक्षरं घेऊन. सुरुवातीपासून चार मिनिटं झाली होती. तयारीला लागले होते एकवीस दिवस.

बॅकअप सॉफ्टवेअरला मात्र ड्राइव्ह ओळखीचा वाटेना, ‘ऑफलाइन’ म्हणून रुसून बसलं. जुनी नोंद काढून पुन्हा शोधायला लावल्यावर आलं. नंतर टूलमधली लिहा-वाचा चाचणी केली. ती चाचणी कॅसेटवरचं सगळं पुसते, तेव्हा कोरी कॅसेट घ्या, आणि ती कोरीच आहे हे दोनदा बघा. पास झाली. शेठना फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि ठेवला.

पुढच्या शुक्रवारचा बॅकअप नीट झाला, ती महिनाअखेरची कॅसेट होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत अडकला.

मी त्या दिवशी कोणाशी बोललो नाही. एकच फरक होता. सफाईचा दिवा या वेळी लागला नाही, कॅसेटच्या चुकीचा लागला. आधी प्रत्येक वेळी सफाईचा दिवा लागायचा आणि माझं सगळं लक्ष ड्राइव्हकडे जायचं. आता ड्राइव्ह सरळ कॅसेटकडे बोट दाखवत होता.

प्रत्येक एलटीओ कॅसेटमध्ये एक बारीक चिप असते. कॅसेट किती वेळा लावली, किती डेटा लिहिला-वाचला, शेवटच्या चार वेळी कुठल्या सिरियल नंबरच्या ड्राइव्हमध्ये होती, हे ती लक्षात ठेवते. टूलने ते वाचून दाखवलं. मी सगळ्या कॅसेटी एकेक करून लावल्या आणि वहीत रकाने पाडून लिहीत गेलो. तिजोरीतल्या महिनाअखेरच्या सगळ्या कॅसेटी तंदुरुस्त. वाईट नोंदी फक्त साप्ताहिकांच्या, त्यातही दोन फारच वाईट. एकाच खोक्यातून घेतलेल्या, एकाच वयाच्या. फरक एवढाच, की साप्ताहिक कॅसेटी गंगापूर रोडला जातात आणि येतात.

मामांना बोलावलं. “मामा, कॅसेटी नेता कशा?”

“कशा म्हणजे? गाडीवर. डिकीत.”

“इथून निघालं की थेट बंगल्यावर?”

मामा हसले. “थेट कुठला साहेब. आधी सीबीएसला बँक, मग पोस्ट, मग शेठच्या घरची भाजी असली तर ती. उंटवाडीवरून त्रिंबक रोड ओलांडून बंगल्यावर पोचायला दोन-अडीच होतात.”

गाडी तोवर उन्हात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि डिकी सीटखाली, इंजिनाच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी मी डिकीत थर्मामीटर ठेवून मामांना नेहमीच्या फेरीवर पाठवलं. परत आले तेव्हा सर्वांत वरचा आकडा ५३ होता. कॅसेटीला प्रवासात ४९ अंशांपुढे नेऊ नये असं सांगतात. पट्टी प्लॅस्टिकची असते, उन्हाने तिचा आकार बारीकसा बदलतो, आणि हेडला तर केसाहून बारीक ट्रॅक धरायचे असतात. त्यात परत आलेली कॅसेट मी काय करायचो? गरमागरम एसी खोलीत आणून तासाभरात ड्राइव्हमध्ये घालायचो. बाहेरून आलेल्या कॅसेटीला खोलीच्या हवेत एक दिवस तरी पडू द्यावं, हे मी कधीतरी वाचलं होतं आणि सोयीस्कर विसरलो होतो. मामांवर चिडायला जागाच नव्हती. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

त्या दोन खराब कॅसेटींवरचा डेटा नवीनवर उतरवला. विक्रेत्याकडचा तोच पोरगा म्हणाला, डीगॉस करा, म्हणजे चुंबकाने पुसा, आणि परत वापरा. तसं करून चालत नाही. हेडला वाट दाखवणाऱ्या सर्वो पट्ट्या कारखान्यातच लिहिलेल्या असतात, चुंबकाने त्याही पुसल्या जातात आणि कॅसेट कायमची बाद होते. मला त्या बादच करायच्या होत्या, तेव्हा सल्ला उपयोगी पडला म्हणायचा.

मे महिन्यापासून मामा कॅसेटी जाड अस्तराच्या डब्याच्या पिशवीत घालून, आधी बंगला आणि मग बँक अशा क्रमाने जातात. परत आलेल्या कॅसेटीवर मी आल्याची वेळ लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवसाआधी तिला हात लावत नाही. तेव्हापासून एकही शुक्रवार अडकलेला नाही. सफाई ड्राइव्हने आजवर एकदाच मागितली.

परवा मामा पिशवी न्यायला आले तेव्हा त्यांच्या हातात स्वतःचा डबाही होता. म्हटलं, “मामा, पिशवी एकच, मग डबा कुठे ठेवता?”

“डिकीत,” ते म्हणाले. “दुपारी भाजी गरम मिळते.”